उसाचं पान, डायनासोर आणि आपली लेकरं

हे बोलणं आधी रेडिओवर झालं. बऱ्याच गटांनी सांगितलं की, छापून द्या, म्हणजे बैठकीत वाचता येईल. म्हणून इथं देतो आहोत. एकीनं वाचावं, बाकीच्यांनी ऐकावं आणि घरी गेल्यावर लेकरांना सांगावं.

दसरा-दिवाळी झाली की आपल्या सोनपेठ भागातली कितीतरी घरं कोयता घेऊन कारखान्याला जातात. काही लेकरं आईबापाबरोबर फडावर जातात, काही आज्जीजवळ राहतात. आमच्या गटातल्या एका आज्जीजवळ अशीच दोन नातवंडं आहेत. थोरला तिसरीत. एका संध्याकाळी त्यानं बिस्किटाच्या पुड्यावरचं चित्र दाखवलं आणि विचारलं, "आज्जे, हा डायनासोर आपल्याकडं होता का? तो काय खायचा?" आज्जी चुलीपुढं होती. म्हणाली, "मला अडाणीला काय विचारतो? मास्तरला विचार."

बैठकीत हे सांगताना तिचा आवाज उतरला होता. "त्या दिवसापासून पोरगं मला काहीच विचारत नाही," ती म्हणाली.

आम्ही सगळ्याच गप्प झालो. कारण हे प्रत्येकीच्या घरात झालेलं आहे. विचारायचं बंद झालेलं लेकरू हळूहळू शाळेतही बोलायचं बंद होतं, आणि मग त्याची शाळा सुटायला वेळ लागत नाही. आम्ही ठरवलं की, या प्रश्नाचं उत्तर आपणच शोधायचं. पुस्तकं आणली, शिकलेल्या पोरींकडून वाचून घेतली. तेव्हा कळलं की, उत्तराचा अर्धा भाग त्या आज्जीच्या हातावरच लिहिलेला होता.

डायनासोर आपल्याकडं होते का?

होते. आपल्या महाराष्ट्रातच होते. चंद्रपूर जिल्ह्यात वरोरा तालुक्यात पिसदुरा नावाचं गाव आहे, तिथं आणि जवळच्या डोंगरगावला डायनासोरची हाडं सापडली आहेत. हाडं म्हणजे आता दगडच झालेली. डोंगरगावला सापडलेल्या एका जातीला 'इसीसॉरस' असं नाव आहे. लांब मानेचा, लांब शेपटीचा, चार पायांवर चालणारा आणि झाडपाला खाणारा हा प्राणी अंदाजे १८ मीटर लांब होता.

१८ मीटर म्हणजे किती? लेकराला मीटर सांगून कळत नाही. आपली दोन नऊवारी लुगडी टोकाला टोक लावून पसरा. तरी तीन-चार हात कमीच पडतील. एवढा लांब!

भारतात डायनासोरचं हाड पहिल्यांदा सापडलं ते १८२८ मध्ये, जबलपूरजवळ. तेव्हा 'डायनासोर' हा शब्दसुद्धा नव्हता. तो शब्द रिचर्ड ओवेन या इंग्रज शास्त्रज्ञानं १८४२ मध्ये तयार केला. गुजरातेत बालासिनोरजवळ रैयोली गावात मांस खाणाऱ्या एका मोठ्या डायनासोरची हाडं मिळाली. त्याचं नाव 'राजासॉरस', म्हणजे राजा डायनासोर. मध्य प्रदेशात धार जिल्ह्यात तर शास्त्रज्ञांनी ९२ घरटी आणि २५६ अंडी मोजली. नारळाएवढी गोल, दगड झालेली अंडी. त्याच भागातल्या काही गावांत असे गोल दगड शेताचा राखणदार म्हणून पिढ्यान्‌पिढ्या पुजले जात होते. ती डायनासोरची अंडी असल्याचं शास्त्रज्ञांनी नंतर सांगितलं.

तो काय खायचा?

आता उसाच्या पानाकडं येऊ. फडात काम केलेल्या प्रत्येकीला माहीत आहे की, उसाच्या पानानं हात चिरतो. का चिरतो? ऊस हे गवताच्या कुळातलं झाड आहे. ज्वारी, बाजरी, मका, गहू, भात, बांबू आणि बांधावरची हराळी, ही सगळी त्याच कुळातली. ही झाडं मुळांतून पाण्याबरोबर सिलिका ओढतात. सिलिका म्हणजे वाळूत आणि गारगोटीत असते तीच. ती पानात बारीक कणांच्या रूपानं साठते. पान कडक होतं, काठ धारदार होतो. जनावरानं फार खाऊ नये म्हणून झाडाचा हा बचाव.

हे कण डोळ्यांना दिसत नाहीत, पण ते कुजत नाहीत. पान कुजतं, जनावर पचवतं, तरी कण शेणातून जसेच्या तसे बाहेर पडतात.

पिसदुऱ्याला हाडांबरोबर आणखी एक वस्तू भरपूर सापडते. शेण. डायनासोरचं शेण, दगड झालेलं. हे ऐकून लेकरं पोट धरून हसतात, हसू द्या. लखनौच्या बिरबल साहनी पुराविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञ डॉ. वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या शेणाचे दगड तपासले. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना गवताच्या पानातले तेच कण दिसले. हे संशोधन २००५ मध्ये जगापुढं आलं. त्याआधी बहुतेक शास्त्रज्ञ समजत होते की, डायनासोरच्या काळात गवत नव्हतंच. म्हणजे एका बाईनं आणि तिच्या सोबत्यांनी शेणात शोध घेऊन जगाची समजूत बदलली. शेणाला हात लावायला आपण कधी लाजलो नाही, तर शेणातलं ज्ञान सांगायला का लाजावं?

त्या आज्जीनं आपले हात पुढं केले. दोन्ही पंज्यांवर उसाच्या पानाचे जुने ओरखडे. म्हणाली, "मग हे मी सांगू शकते की पोराला."

मग ते गेले कुठं?

साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या सुमाराला दोन मोठ्या गोष्टी घडल्या. एक आपल्याच भागात. जमीन फाटून तापलेला लाव्हा बाहेर आला, आणि तो एकदा नाही, थरावर थर देत पुन्हापुन्हा पसरत राहिला. तो थंड होऊन काळा पाषाण झाला. विहीर खोदताना मुरमाखाली लागतो तोच. अजिंठा-वेरूळची लेणी त्याच पाषाणात कोरली आणि कळसूबाईचं शिखरही त्याचंच. ऊनपावसानं तो झिजून झिजून आपली काळी माती झाली. आपल्या वावरातली काळी म्हणजे त्या आगीची राहिलेली राख समजा ना!

दुसरी गोष्ट मेक्सिको देशात. आकाशातून एक प्रचंड दगड येऊन आदळला. बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार सरोवर आकाशातल्या दगडानंच झालं. त्याची रुंदी दोन किलोमीटरच्या आत आहे. मेक्सिकोतला खड्डा साधारण १८० किलोमीटर रुंद, म्हणजे लोणारच्या जवळजवळ शंभर पट. धुळीनं सूर्य झाकला, झाडं मेली, झाडपाला खाणारे मेले, मग त्यांना खाणारे मेले.

पण सगळेच गेले नाहीत. डायनासोरची एक शाखा वाचली. ती आपल्या अंगणात दाणे टिपते आहे. कोंबडी! चिमणी, मोर, टिटवी, सगळे पक्षी त्याच वंशातले. कोंबडीच्या पायावरचे खवले लेकरांना जवळून बघायला सांगा.

सोनपेठच्या काळ्या पाषाणात मात्र डायनासोरची हाडं शोधू नका. लाव्हाच्या आगीत हाड राहत नाही. पिसदुऱ्याला ती राहिली, कारण तिथं लाव्हा पसरण्याआधीचा नदी-तळ्यांचा गाळ होता.

लेकरांसोबत करायचे चार खेळ

यातल्या एकालाही पैसा लागत नाही. रोज अर्धा तास पुरे.

पहिला खेळ, डायनासोर मोजायचा. मोठ्या माणसाच्या हातानं, म्हणजे कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत, ४० हात दोरी मोजा. रस्त्यावर किंवा खळ्यावर पसरा. हा इसीसॉरस. दोरीवर किती लेकरं ओळीनं झोपतात ते मोजायला सांगा. मग विचारा, यापेक्षा मोठा प्राणी कोणता? निळा देवमासा. तो ३० मीटरपर्यंत वाढतो, म्हणजे साडेतीन नऊवारींहून थोडा जास्त. आजवर झालेल्या प्राण्यांत सगळ्यांत जड तोच, आणि तो आजही समुद्रात जिवंत आहे.

दुसरा खेळ, ठसे. ओली चिकणमाती थापून भाकरीएवढी करा. तिच्यावर पिंपळाचं पान दाबा, कोंबडीला चालू द्या, शेळीचं खूर उमटवा. सावलीत वाळवा. दुसऱ्या लेकराला ओळखायला सांगा, कुणाचा ठसा? पान निघून गेलं, ठसा राहिला. असा ठसा गाळाखाली दबून दगड झाला की त्याला जीवाश्म म्हणतात.

तिसरा खेळ, जोंधळ्याचे दाणे. ६६ दाणे मोजून एका ओळीत मांडा. एक दाणा म्हणजे दहा लाख वर्षं. ओळीच्या सुरुवातीला डायनासोर संपले. आपली माणसाची जात साधारण तीन लाख वर्षांची. म्हणजे शेवटच्या एका दाण्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढीच! मोजणी शिकते आणि काळही कळतो.

चौथा खेळ, ताटातले देश. उपवासाची साबुदाण्याची खिचडी घ्या. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो, शेंगदाणा, बटाटा आणि मिरची, चारही मूळचे अमेरिका खंडातले. पोर्तुगीज वगैरे व्यापारी जहाजांतून ते आपल्याकडं आले. ज्वारी मूळची आफ्रिकेतली. चहा चीनचा. तूर आणि वांगं आपलं. लेकरानं ताट बघून जमिनीवर खडूनं जगाचा नकाशा काढायचा आणि प्रत्येक देशावर एक दाणा ठेवायचा. सोबत एक कोडं घाला. जगातला सगळ्यांत लहान देश केवढा? व्हॅटिकन, साधारण ११० एकर. आपल्या गावचं शिवार त्याहून मोठं! आणि कोणत्या देशाचा झेंडा चौकोनी नाही? आपल्या शेजारच्या नेपाळचा.

गोठ्यातलं आणि बांधावरचं

लांबचं झालं, आता जवळचं. गाईच्या तोंडात वरच्या जबड्याला पुढचे दात नसतात. लेकरांना गाय रवंथ करताना बघायला सांगा. शेळीच्या डोळ्याची बाहुली आडवी असते, म्हणून चरता चरता तिला दोन्ही बाजूंचं दिसतं. वटवाघूळ उडतं, पण तो पक्षी नाही, पिलाला दूध पाजतं.

आणि साप. हे मात्र गंमत म्हणून नाही, जिवासाठी शिकवा. सापाला बाहेरचे कान नसतात. गारुड्याच्या पुंगीवर तो डुलत नाही, तिच्या हलण्याकडं बघतो. साप दूध पीत नाही. धामण बिनविषारी असते आणि उंदीर खाऊन आपलं धान्य वाचवते. आपल्याकडं जपायचे मुख्य विषारी साप चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं.

यातली मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. चावल्याचं फारसं दुखत नाही, खूणही नीट दिसत नाही. पहाटे पोट दुखतं, पापण्या जड होतात, बोलता येत नाही. फडावर, कोपीत लेकरं जमिनीवर झोपतात, म्हणून हे प्रत्येक लेकराला माहीत पाहिजे. बाजेवर झोपवा, नाहीतर मच्छरदाणी अंथरुणाखाली चारही बाजूंनी खोचा. रात्री बाहेर जाताना बॅटरी घ्या. साप चावलाच तर जखम कापू नका, चोखू नका, करकचून बांधू नका, मांत्रिकाकडं वेळ घालवू नका. माणसाला धीर द्या, चावलेला भाग हलू देऊ नका, १०८ ला फोन करा आणि सरकारी दवाखाना गाठा. सापाच्या विषावरचं औषध तिथंच मिळतं.

आपल्याला येत नसेल तर?

येत नसेल तर तसं सांगायचं. "मला माहीत नाही, आपण दोघं शोधू." एवढं म्हटलं तरी लेकराचा प्रश्न जिवंत राहतो. आम्ही गटात एक वही ठेवली आहे. ज्या घरात जो प्रश्न पडेल तो तिच्यात लिहायचा. लिहिता येत नसेल तिनं दुसरीकडून लिहून घ्यायचा. पुढच्या बैठकीपर्यंत शाळेत, ग्रंथालयात किंवा कृषी सहायकाला विचारून उत्तर आणायचं. बचतीचे पैसे मोजून झाले की दहा मिनिटं प्रश्नांची. जी फडावर जाते ती फोनवरून प्रश्न कळवते.

त्या आज्जीनं घरी जाऊन नातवाला उसाचं पान दाखवलं. बोट फिरवायला लावलं आणि डायनासोरच्या शेणाची सगळी गोष्ट सांगितली. पोरगं ऐकत राहिलं, मग म्हणालं, "आज्जे, मग डायनासोरची जीभ चिरत नव्हती का?"

आज्जीला उत्तर आलं नाही. ती म्हणाली, "उद्या वहीत लिहू." वहीतला पहिला प्रश्न तोच आहे.

तुमच्या गटाच्या वहीतला पहिला प्रश्न कोणता, ते आम्हाला जरूर कळवा.