निवड समितीचे दोन फासे

संध्याकाळची चर्चगेटहून सुटलेली बोरिवली जलद लोकल. दादर गेले की डब्यात हात हलवायलाही जागा उरत नाही, पण तोंड हलवायला मात्र भरपूर असते. क्रिकेटचा विषय निघाला की अंधेरी कधी आली हे कळत नाही. अशा गप्पांत एक वाद हमखास निघतो. "दिल्लीवाल्यांनी घरचा कोहली सोडलाच कसा?" एक जण विचारतो. "आणि आपल्या मुंबईने तरी काय दिवे लावले? मनीष पांडे हातात होता, तो जाऊ दिला!" दुसरा उत्तरतो. मग निवड करणाऱ्यांना क्रिकेट कळते की नाही, यावर मालाडपर्यंत मतदान होते.

या वादात एक सुंदर गणित लपलेले आहे. पण आधी हकिकत नीट समजावून घेऊ.

इंडियन प्रीमियर लीगचा पहिला हंगाम २००८ साली झाला. मोठ्या खेळाडूंचा लिलाव झाला हे सर्वांना ठाऊक आहे. पण त्याच मार्च महिन्यात एकोणीस वर्षांखालील विश्वचषक जिंकून आलेल्या मुलांसाठी लिलाव ठेवला नव्हता. तेथे पाळीची पद्धत होती. एका संघाने एक मुलगा निवडायचा, मग दुसऱ्याने, मग तिसऱ्याने. गल्लीत दोन कप्तान "तुझा एक, माझा एक" करून संघ पाडतात, तसेच. लिलावात ज्याची थैली मोठी त्याचे फावते. पाळीच्या पद्धतीत थैलीचा उपयोग नाही, पारख तेवढी कामाची.

दिल्लीने आपल्या पाळीला प्रदीप सांगवान हा डावखुरा वेगवान गोलंदाज घेतला. विराट कोहली बंगळूरकडे गेला, रवींद्र जडेजा राजस्थानकडे. मनीष पांडे त्या हंगामात मुंबईकडे होता. पुढच्या वर्षी तो बंगळूरकडून खेळला आणि आयपीएलमध्ये शतक काढणारा पहिला भारतीय ठरला. मुंबईकरांचे दुःख ते हेच.

आता दिल्लीचे चुकले काय? आज आपण 'हो' म्हणू. पण २००८ च्या जून महिन्यात हाच प्रश्न विचारला असता तर? त्या हंगामात कोहलीने तेरा सामन्यांत १६५ धावा केल्या, सरासरी १५. बंगळूरचा संघ आठांत सातवा आला. दिल्ली उपान्त्य फेरीत पोहोचली. सेहवाग आणि गंभीर संघात असताना दिल्लीला आणखी एका फलंदाजापेक्षा गोलंदाजाची निकड होती, आणि सांगवान हा त्याच वर्षी रणजी करंडक जिंकलेल्या दिल्ली संघातला अवघ्या सतरा वर्षांचा मुलगा होता. जूनमधल्या लोकलमध्ये कोणी "दिल्ली फसली" असे म्हणाला असता, तर त्यालाच लोकांनी वेड्यात काढले असते. निर्णय बरोबर होता की नाही आणि निकाल चांगला लागला की नाही, या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. गाडीतल्या वादात त्यांची नेहमी गल्लत होते.

ती का होते, हे पाहण्यासाठी एक खेळ खेळू. वर्गात तो सहज करता येईल. दोन फासे हवेत, एक लाल आणि एक पांढरा.

समजा वर्गात ३६ विद्यार्थी आहेत. प्रत्येकाने लाल फासा एकदाच टाकायचा आणि पडलेला आकडा कोणालाही न सांगता वहीत लिहून ठेवायचा. हे त्याचे अंगचे कसब. ते बदलत नाही. मग सामना सुरू. सामन्यात प्रत्येकाने पांढरा फासा टाकायचा. हे त्या दिवसाचे नशीब: झेल सुटला, खेळपट्टी साथ देणारी निघाली, पंचांचे बोट वर गेले नाही, वगैरे. लाल आणि पांढऱ्याची बेरीज म्हणजे त्याची धावसंख्या. निवड समितीला फक्त बेरीज दिसते, लाल फासा दिसत नाही. खऱ्या निवड समितीचेही असेच असते.

समितीने ठरवले की १० किंवा त्याहून जास्त बेरीज असलेल्यांना संघात घ्यायचे. किती जण निवडले जातील? दोन फाशांच्या ३६ जोड्यांपैकी अशा जोड्या सहा: ४ व ६, ५ व ५, ६ व ४, ५ व ६, ६ व ५, ६ व ६. यातला पहिला आकडा कसबाचा, दुसरा नशिबाचा. म्हणजे सरासरीने ३६ मध्ये सहा जण निवडले जातात. आता या सहांचे लाल आकडे पाहा: एक चारवाला, दोन पाचवाले आणि तीन सहावाले. वर्गात सहा कसबाचे विद्यार्थी सरासरीने सहा असायला हवेत. त्यांतले तीनच संघात आले. उरलेले तीन तितकेच कसबी असूनही घरी बसले, कारण त्या दिवशी त्यांचा पांढरा फासा १, २ किंवा ३ पडला. समितीने वशिला लावला नाही, नियम मोडला नाही, डोळ्यांत तेल घालून काम केले; तरीही निम्मे हिरे हातचे गेले.

पुढची गंमत याहून मोठी आहे. निवडलेल्या सहांची सरासरी बेरीज काढा. १०, १०, १०, ११, ११, १२ मिळून ६४ होतात. भागिले सहा म्हणजे सुमारे १०.७. आता त्यांना दुसरा सामना खेळवा. लाल आकडा तोच राहील. त्यांची सरासरी ३२ भागिले ६, म्हणजे ५.३. पांढरा फासा मात्र नव्याने पडेल, आणि त्याची सरासरी ३.५ असते. बेरीज झाली सुमारे ८.८. निवडलेला संघ पुढच्याच सामन्यात घसरला! कोणी म्हणेल, डोक्यात हवा गेली. आजी म्हणेल, दृष्ट लागली. वास्तविक काहीच झालेले नाही. पहिल्या सामन्यात अतिशय चांगल्या पडलेल्या पांढऱ्या फाशांना आपण निवडून घेतले होते. ते फासे दुसऱ्यांदा साधारण पडले, इतकेच.

संख्याशास्त्रात याला सरासरीकडे परतणे किंवा समाश्रयण म्हणतात. फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८८६ साली २०५ आईबापांच्या जोड्या आणि त्यांची ९२८ प्रौढ मुले यांच्या उंचीचा अभ्यास प्रसिद्ध केला. फार उंच आईबापांची मुले उंच निघतात, पण सरासरीने आईबापांइतकी नव्हे, असे त्याला आढळले. शिक्षकांना याचा अनुभव रोजचा असेल. पहिल्या घटक चाचणीत पैकीच्या पैकी गुण मिळवणारी मुले दुसरीत थोडी खाली येतात, आणि तळाची थोडी वर. शाबासकीने मुले बिघडतात आणि रागावल्याने सुधारतात असा समज पुष्कळदा यातूनच होतो.

मग उपाय? एका सामन्यावर निवड करू नये. चार सामन्यांची सरासरी घेतली तर नशिबाचा पसारा निम्म्यावर येतो, सोळा सामन्यांची घेतली तर चतुर्थांशावर. लाल फासा हळूहळू दिसू लागतो. तुमच्या वर्गात चार सामने खेळून खात्री करून घ्या. परंतु शाळकरी खेळाडूला सोळा सामने मिळतात कोठे? बाद पद्धतीच्या स्पर्धेत पहिल्याच फेरीत शाळा हरली की त्या वर्षापुरता खेळ आटोपला.

आता फाशांकडून मैदानाकडे येऊ. फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानावर हॅरिस शिल्डच्या उपान्त्य सामन्यात शारदाश्रम विद्यामंदिरच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची अभेद्य भागी केली, हे तुम्ही ऐकले असेल. कोणी किती केल्या हे मात्र अनेकांना आठवत नाही. सचिनच्या नाबाद ३२६, आणि कांजूरमार्गहून लोकलने येणाऱ्या विनोदच्या नाबाद ३४९. केवळ त्या धावफलकावरून पाळीची निवड झाली असती तर पहिले नाव कोणाचे आले असते? पुढे सचिन २०० कसोटी खेळला, विनोद १७. त्या सतरांत विनोदची सरासरी ५४ च्या वर होती हेही सांगितले पाहिजे, नाहीतर त्याच्यावर अन्याय होईल.

या दोघांची जन्मवर्षे पाहा. विनोदचा जन्म जानेवारी १९७२ चा, सचिनचा एप्रिल १९७३ चा. म्हणजे त्या दिवशी एक सोळा वर्षे पुरी केलेला, तर दुसरा अजून पंधराचाही झालेला नव्हता. तिशीतल्या दोन माणसांत पंधरा महिन्यांचे अंतर म्हणजे काहीच नाही. पण चौदा-पंधराव्या वर्षी एवढ्या काळात उंची, खांद्याची ताकद, चेंडू दूर मारण्याची शक्ती सारे पालटून जाते. धावफलकावर वयाचा रकाना नसतो. कसब आणि नशीब यांच्या जोडीला तो एक तिसरा फासा आहे.

हा फासा सरळ पडत नाही, असे प्रथम ठळकपणे दाखवले ते कॅनडातील मानसशास्त्रज्ञ रॉजर बार्न्सली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, १९८५ साली. तिकडे आइस हॉकीच्या वयोगटांची मोजणी १ जानेवारीपासून होते. खेळाडूंच्या जन्मतारखा मांडल्या तर वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेल्यांची गर्दी दिसली आणि शेवटच्या महिन्यांत शुकशुकाट. जानेवारीत जन्मलेला मुलगा आपल्या गटात जवळजवळ वर्षभराने थोरला असतो. थोरला म्हणून दांडगा, दांडगा म्हणून निवडला जातो. निवडला म्हणून त्याला चांगला प्रशिक्षक आणि जास्त सराव मिळतो. आणि मग तो खरोखरच अधिक चांगला होतो. सुरुवातीचा काही महिन्यांचा फरक असा व्याजाने वाढत जातो.

आपल्याकडे क्रिकेटच्या वयोगटांसाठी १ सप्टेंबर ही तारीख धरतात. २००८ च्या विश्वचषकासाठी १ सप्टेंबर १९८८ किंवा त्यानंतरचा जन्म हवा होता. कोहलीचा जन्म ५ नोव्हेंबर १९८८ चा, जडेजाचा ६ डिसेंबर १९८८ चा. दोघेही गटातल्या थोरल्यांपैकी. दोन उदाहरणांनी काही सिद्ध होत नाही, हे फाशांच्या खेळानंतर तुम्हीच मला सांगाल. सांगवान कोहलीपेक्षा बरोबर दोन वर्षांनी लहान. जन्मतारीखही तीच, ५ नोव्हेंबर. दोन वर्षांनी लहान असून जो मुलगा त्याच संघात बसतो, त्याच्यावर पैज लावणारा मूर्ख नव्हता.

जन्मदाखला खोटा असेल तर काय, अशी शंका येणे साहजिक आहे. त्यासाठी क्रिकेट नियामक मंडळ सोळा वर्षांखालील मुलांच्या डाव्या हाताच्या पंजाचे आणि मनगटाचे क्ष-किरण चित्र घेते. लहानपणी हाडांच्या टोकांजवळ कूर्चेची पट्टी असते. तेथे हाड वाढते. वय वाढते तशी ती पट्टी अरुंद होत जाऊन शेवटी हाडात मिसळून जाते. टॅनर आणि व्हाइटहाउस यांच्या पद्धतीत कोपरापासून मनगटापर्यंतच्या दोन हाडांची मनगटाकडची टोके, तसेच अंगठा, मधले बोट व करंगळी यांच्या ओळीतली ११ लहान हाडे, अशी एकूण १३ हाडे तपासतात. प्रत्येकाला वाढीच्या पायरीप्रमाणे गुण देतात आणि बेरजेवरून अस्थिवय काढतात. पण हे वय हाडांचे आहे, पंचांगाचे नव्हे. एकाच दिवशी जन्मलेल्या दोन मुलांच्या अस्थिवयात वर्ष-दीड वर्षाचा फरक सहज असू शकतो. एखाद्या प्रामाणिक पण लवकर वाढलेल्या मुलाला त्यामुळे गटाबाहेर राहावे लागते. मोजमाप आले की त्याची चूकही आलीच.

मोजायचे काय, हेच चुकले तर? बोरिवलीला आजीआजोबांकडे राहणारा एक मुलगा १९९९ साली प्रशिक्षक दिनेश लाड यांच्या नजरेत भरला. त्यांनी त्याला बोरिवलीच्याच स्वामी विवेकानंद शाळेत आणले आणि फी परवडत नव्हती म्हणून ती माफ करवून घेतली. निवड कशासाठी होती? ऑफ-स्पिन गोलंदाजीसाठी! फलंदाजीला तो खाली येत असे. पुढे त्याची बॅट सरावात लाड सरांना दिसली आणि तो सलामीला जाऊ लागला. नोव्हेंबर २०१४ मध्ये इडन गार्डन्सवर एका दिवसाच्या सामन्यात २६४ धावा काढणारा रोहित शर्मा तो हाच. येथे पारख चुकली म्हणावी की साधली? तो शाळेत टिकला म्हणून दुसऱ्यांदा पाहायला मिळाला, एवढे खरे.

अमेरिकेत बेसबॉलचे संघ १९६५ पासून दरवर्षी शाळा-कॉलेजांतल्या हौशी खेळाडूंची अशीच पाळीने निवड करतात. तेथील रसिकही आपल्या लोकलमधल्या मंडळींसारखेच तावातावाने भांडतात. १९८८ साली, म्हणजे आझाद मैदानावर ६६४ झाल्या त्याच वर्षी, माइक पियाझा या मुलाची निवड झाली ती १३९० व्या क्रमांकावर, तीही ओळखीखातर. त्याने पुढे ४२७ होमरन मारले आणि २०१६ मध्ये तो त्या खेळाच्या सन्मान-दालनात गेला. तेराशेएकोणनव्वद वेळा सर्व संघांनी त्याला डावलले होते! मात्र तिकडे खालच्या पातळीचे अनेक संघ असतात. १३९० व्या क्रमांकालाही दररोज खेळायला मिळते. पांढरा फासा पुन्हा पुन्हा टाकता येतो. मुलुंडच्या किंवा घाटकोपरच्या ज्या मुलाचे नाव चौदाव्या वर्षी यादीत येत नाही, त्याचा फासा तेथेच थांबण्याची भीती असते. किटबॅग पोटमाळ्यावर जाते आणि दहावीचा क्लास सुरू होतो.

शेवटी एक काम. आपल्या शाळेच्या क्रिकेट किंवा कबड्डी संघातील खेळाडूंच्या जन्मतारखा शिक्षकांकडून मिळवा. खेळासाठी वयाची मोजणी ज्या तारखेपासून होते, तेथून वर्षाचे चार-चार महिन्यांचे तीन भाग करा आणि प्रत्येक भागात किती खेळाडू येतात ते मोजा. मग सबंध इयत्तेतील मुलांसाठी हीच मोजणी करून दोन्ही आकडे शेजारी शेजारी मांडा. मात्र एका वर्षाच्या यादीवर थांबू नका, निदान पाच वर्षांच्या याद्या घ्या. का, ते आता तुम्हाला सांगायला नको.