खत किती, यापेक्षा कुठे

जव्हार तालुक्यातल्या जामसरच्या उतारावरच्या भातखाचरात युरिया नुसता फोकला, तर त्यातलं बरंचसं नत्र इथल्या मुसळधार पावसात वाहून जातं. पोती वाढवून ही तूट भरत नाही. खत मुळाशी गाडावं लागतं. चारसूत्री भातशेतीत युरिया-डीएपीची 2.7 ग्रॅमची गोळी चार चुडांच्या मधोमध, 7 ते 10 सेंटिमीटर खोल चिखलात खोचतात. तिथे प्राणवायू नसल्याने नत्र अमोनियम रूपात टिकतं आणि मुळं ते हळूहळू उचलतात.

वाकून गोळ्या खोचायला मजूर आणायचे कुठून, हा आक्षेप खराच आहे. पण एकदा गोळी खोचली की पुन्हा पुन्हा खत फोकणं वाचतं. राब भाजून भागतं म्हणावं, तर राखेतून पालाश मिळतो, नत्र मात्र धुरात जातं. त्यापेक्षा बांधावरच्या गिरिपुष्पाचा हिरवा पाला चिखलणीआधी खाचरात पसरावा.