टपालाने आलेले हुन्नर

कपिलधारला कार्तिक पौर्णिमेची यात्रा भरते. तेथे दुकानाला किंवा मंडपाला तात्पुरती वीज घ्यायची, तर तारा ओढणारा कितीही तरबेज असो, कागदावर सही परवानाधारक ठेकेदाराचीच लागते. काम एकाचे, सही दुसऱ्याची. हातात हुन्नर आहे पण सनद नाही, ही आपल्या कारागिरांची जुनीच अडचण. तांत्रिक धंदे टपालाने शिकवणाऱ्या शाळा मुळात याच अडचणीतून निघाल्या, म्हणून त्यांची हकीकत आम्ही येथे देत आहोत.

टपालाने शिकवणे त्याआधीचे. इंग्लंडात आयझॅक पिटमन 1840 पासून लघुलिपीचे धडे पोस्टाने देत असे. मजुरापर्यंत ही पद्धत नेली ती अमेरिकेतील थॉमस फॉस्टर या वृत्तपत्र संपादकाने. पेनसिल्व्हेनियाच्या कोळसा खाणींत अपघात फार होत. 1885 च्या कायद्याने खाणीच्या फोरमनला परीक्षा सक्तीची केली. उभा जन्म खाणीत काढलेली माणसे गणित आणि हवेच्या दाबाचे प्रश्न आले की अडू लागली. फॉस्टरने आपल्या पत्रात प्रश्नोत्तरांचे सदर चालवले. त्याला एवढी मागणी आली की 1891 मध्ये त्याने स्क्रँटन येथे खाणकामाचा टपाली वर्गच काढला.

त्याची खुबी पाठांच्या मांडणीत होती. सुरुवात साध्या अंकगणितापासून. एक पुस्तिका यायची, तिच्यावरचे प्रश्न सोडवून पाठवायचे, ते तपासून परत आले की पुढची पुस्तिका. पाळीचा कामगार सवडीने शिके, रोजी बुडत नसे. पुढे ही संस्था 'इंटरनॅशनल करस्पॉन्डन्स स्कूल्स' नावाने वाढली. वीज, वाफेची इंजिने, यंत्रांचे नकाशे असे विषय आले.

मात्र या शाळेचे फिरते विक्रेते गावोगाव हिंडून नावे नोंदवत आणि हप्त्याने फी घेत. शतकाच्या सुरुवातीच्या काळात अभ्यास शेवटास नेणारे शंभरात तीनही नव्हते. पोस्टाने सूत्र येते. वेल्डिंगचा हात येत नाही. हात असलेल्यालाच या पाठांचा खरा फायदा झाला, असे आमचे मत आहे.

मुंबईतही अशा संस्थांच्या कचेऱ्या होत्या. पण पाठ इंग्रजीत! मराठी किंवा उर्दू शाळेत चार इयत्ता शिकलेल्या बीडच्या मिस्त्रीला त्यांचा काय उपयोग? 1989 मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ निघाले, तेव्हा मराठीतील पाठांना अभ्यास केंद्राची जोड मिळाली.

आजही घरबसल्या डिप्लोमा देणाऱ्यांच्या जाहिराती येतातच. वायरमनचे काम करणाऱ्या बांधवांनी फी भरण्याआधी विद्युत निरीक्षकाच्या कचेरीत जाऊन एवढेच विचारावे: या कागदावर परवान्याच्या परीक्षेला बसता येईल काय? उत्तर शक्यतो लेखी घ्यावे.