कादंबरीतून पडद्यावर : मायाच्या बाजूने झुकलेला सिनेमा

आज खरे तर सोहराब मोदींच्या ‘कुंदन’ची पाळी होती. पण फ्लोबेरच्या ‘मादाम बोव्हारी’वरचा गेला भाग वाचून वर्तकनगरच्या एका वाचकांनी जे विचारले आहे, ते टाळून पुढे जाववत नाही. त्याच कादंबरीवरच्या, केतन मेहतांच्या ‘माया मेमसाब’ची (१९९३) गाणी त्यांना आजही तोंडपाठ आहेत, सिनेमा मात्र मनात रुजत नाही. असे का व्हावे?

उत्तराचा धागा त्या गाण्यांतच सापडतो.

तसे पाहिले तर कथेचे सांधे जागच्या जागी आहेत. दीपा साहीची माया, फारुख शेखचा साधाभोळा डॉक्टर नवरा, राज बब्बर आणि शाहरुख खान हे दोन प्रियकर, परेश रावलचा लालाजी. त्यावर गुलजारांचे शब्द, हृदयनाथ मंगेशकरांच्या चाली आणि लताबाईंचा आवाज. हे संगीत इतके उत्कट आहे की मायाला जे हवेसे वाटते ते प्रेक्षकालाही हवेसे वाटू लागते. कॅमेराही तिच्याच धुक्यात हरवतो.

फ्लोबेर असे कधीच होऊ देत नाही. दुसऱ्या भागातले आठवे प्रकरण, शेतकी प्रदर्शनाचे, पाहा. नगरभवनाच्या वरच्या मजल्यावर रोडॉल्फ नायिका एमाला प्रेमाच्या गोष्टी सांगतो आहे आणि खाली चौकात बक्षिसे पुकारली जात आहेत. त्याचे एक वाक्य, लगेच खालून खताच्या बक्षिसाची घोषणा. पुन्हा त्याचे वाक्य, पुन्हा घोषणा. त्याच समारंभात एकाच शेतावर ५४ वर्षे राबलेल्या म्हाताऱ्या मोलकरणीला २५ फ्रँकचे रौप्यपदक मिळते. एमाचे स्वप्न आणि त्या बाईचे झिजलेले हात एकाच दुपारी वाचकासमोर येतात. सिनेमाचा जन्म व्हायच्या चाळीस वर्षे आधी लिहिलेले हे अस्सल संकलन! दिग्दर्शकाच्या हाती ते आयतेच होते.

शेवटाचेही तेच. एमाला चोवीस तासांत ८,००० फ्रँक भरण्याचा हुकूम येतो, सगळी दारे बंद होतात आणि ती औषधवाल्याकडचे आर्सेनिक खाते. तिला मारते ती उधारी. मायाच्या मृत्यूचे मात्र गूढ होते, तपास करणारे येतात, आणि अखेर एक अद्भुत पेय पिऊन ती नाहीशी होते. कर्जाचा हिशेब धूसर झाला की शोकांतिकेचा कणाच निघून जातो.

क्लोद शाब्रोलने १९९१मध्ये इझाबेल उपेरला घेऊन हीच कादंबरी केली, तीही नॉर्मंडीत जाऊन, अगदी मूळ बरहुकूम. त्या सिनेमात विष आहे, कर्ज आहे. पण एमाच्या स्वप्नाची ऊब फारशी नाही. मेहतांकडे ती ऊब भरपूर होती. म्हणूनच त्यांच्या सिनेमाची चुटपुट अधिक लागते.

वर्तकनगरच्या वाचकांनी आता ते आठवे प्रकरण वाचावे आणि मग सिनेमा पुन्हा लावावा. ‘कुंदन’ आणि त्यासोबत साने गुरुजींचे ‘दुःखी’ पुढच्या आठवड्यात.