बोटीचा पंखा: मोटरवाल्यांचं गणित वेगळं, शिडवाल्यांचं वेगळं

मागच्या भागानंतर एक मेसेज आला: "दादा, यॉटला मोठ्ठं इंजिन लावलं की झालं ना?" नाही झालं. इंजिन ताकद देतं, पण ती पाण्यापर्यंत पोचवतो पंखा, म्हणजे प्रोपेलर. आपल्या नगर जिल्ह्यात समुद्र नाही, मी तर कोड लिहिणारा माणूस. पण भंडारदऱ्याच्या जलाशयातल्या मोटरबोटीलाही हाच नियम लागू होतो.

पंख्यावर दोन आकडे असतात, समजा 14 × 13. पहिला व्यास, दुसरा पिच, दोन्ही इंचात. लाकडात स्क्रू घुसतो तसा पंखा एका फेऱ्यात जेवढा पुढे गेला असता, तो पिच. पाणी काही लाकूड नाही, ते मागे सरकतं. त्यामुळे बोट थोडी कमीच पुढे जाते. ही घसरण म्हणजे स्लिप.

मोबाईल काढा, हिशोब करू. इंजिन मिनिटाला 5000 फेरे, गिअर 2:1, म्हणजे पंख्याचे 2500. गुणिले 13 इंच: मिनिटाला 825 मीटर, ताशी साधारण 49.5 किलोमीटर. जीपीएसवर 42 दिसले तर स्लिप 15 टक्के. पळणाऱ्या मोटरबोटीला एवढी चालते.

आता निवड. पिच म्हणजे बाईकचा गिअर समजा. चंदनापुरी घाट चौथ्या गिअरमध्ये चढवायला गेलात तर इंजिन कण्हतं ना? पिच जास्त झाला की तसंच होतं. नेहमीचं वजन बोटीत घेऊन फुल थ्रॉटल द्या आणि आरपीएम बघा. कंपनीने सांगितलेल्या टप्प्याच्या खाली राहिला तर पिच कमी करा, वर गेला तर वाढवा. आउटबोर्ड इंजिनला एका इंचाने साधारण 150 ते 200 फेऱ्यांचा फरक पडतो. हे टाळलं तर डिझेल इंजिन काळा धूर ओकतं, पेट्रोलचं तापतं, आणि ते बंद पडतं नेमकं मधल्या पाण्यात.

भंडारदरा समुद्रसपाटीपासून 700 मीटरच्या वर आहे. हवा विरळ, म्हणून टर्बो नसलेल्या इंजिनची ताकद दर 100 मीटरला अंदाजे 1 टक्का घटते. मुंबईत फिट बसलेला पंखा तिथे जड वाटू शकतो.

शिडाच्या यॉटची गोष्ट उलटी. इंजिन बंद, वारा ओढतोय, आणि खाली तीन पात्यांचा पंखा पाण्यात ब्रेकसारखा अडतोय. गोव्यात रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात बांधलेली 56 फुटी 'म्हादेई' आठवा. दिलीप दोंदे 2009-10 मध्ये तिच्यातून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय ठरले. 2012-13 मध्ये अभिलाष टॉमींनी तीच बोट कुठेही न थांबता जगाभोवती फिरवली. अशा प्रवासात पंख्यामुळे अर्धा नॉट जरी गेला, तरी दिवसाला 12 सागरी मैल मागे. 150 दिवसांत 1800!

म्हणून शिडवाले फोल्डिंग पंखा घेतात, ज्याची पाती छत्रीसारखी मिटतात. किंवा फेदरिंग, ज्यात पाती वळून प्रवाहाला सरळ होतात. दोन्ही महाग. फोल्डिंग साधारणपणे रिव्हर्सला कमजोर, आणि धक्क्याला लागताना बोट थांबवायला रिव्हर्सच हवा असतो. माझं मत विचाराल तर गर्दीच्या बंदरात रोज ये-जा असेल तर फेदरिंग, लांब पल्ला असेल तर फोल्डिंग. वर्षातून चारदा शीड उघडणार असाल तर साधा दोन पात्यांचा पंखा घ्या आणि उरलेल्या पैशांत चांगली लाइफ जॅकेट्स.