गाडी सेल्फ घेत नाही तेव्हा

डिझेल इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग नसतो. सिलिंडरमधली हवा मूळ आकारमानाच्या सुमारे सतराव्या हिश्श्यापर्यंत दाबली जाते, ती पाचशे अंश सेल्सिअसच्या वर तापते आणि तिच्यात फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. मात्र त्यासाठी इंजिन पुरेशा वेगाने फिरावे लागते. अवजड ट्रकच्या इंजिनाला मिनिटाला दीडशे-दोनशे फेरे तरी हवेत. ते रेंगाळत फिरले, तर दाबलेली हवा पिस्टनच्या रिंगांच्या फटींतून निसटते, तिची उष्णता थंड सिलिंडरमध्ये जिरते आणि चांगले डिझेलही पेटत नाही. त्यामुळे पंप-नोझलवर ठपका ठेवून सुरू झालेली कित्येक कामे शेवटी बॅटरीपाशी येऊन थांबतात.

तपासणीची सुरुवात पान्याने नव्हे, कानाने होते. गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला आणि हेडलाइट लावून किल्ली फिरवावी. काहीच आवाज नाही आणि दिवेही तसेच प्रखर राहिले, तर वीज सेल्फपर्यंत पोचतच नाही. किल्लीचा स्विच, रिले, फ्यूज किंवा क्लच-न्यूट्रलचा सुरक्षा स्विच पाहावा. दिवे एकदम मंदावले, तर बॅटरी उतरली आहे, जोडणी खराब आहे किंवा इंजिन अडकले आहे. ‘कट-कट-कट’ असा सलग आवाज हे कमी व्होल्टेजचे लक्षण. सोलेनॉइड आत ओढला जातो, मोटरने भार घेताच व्होल्टेज कोसळते, सोलेनॉइड सुटतो आणि पुन्हा ओढला जातो. सेल्फ नुसता घरघरतो पण इंजिन हलत नाही, तेव्हा बेंडिक्सचा क्लच घसरत असतो किंवा फ्लायव्हील रिंगचे दाते गेलेले असतात.

ट्रकची वीजयंत्रणा 24 व्होल्टची, म्हणजे 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या. पूर्ण भरलेली बॅटरी विश्रांतीत 12.6 व्होल्ट दाखवते, पण हा आकडा फसवा असतो. खरी परीक्षा भाराखाली. सेल्फ मारताना जोडीचे व्होल्टेज 19च्या आसपास किंवा त्याखाली गेले, तर दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजाव्यात. आपल्याकडे टेप किंवा मोबाइल चार्जरसाठी एकाच बॅटरीवरून 12 व्होल्टची वायर काढण्याची सवय आहे. ती बॅटरी कायम अर्धपोटी राहते, दुसरीला गरजेपेक्षा जास्त चार्ज मिळतो आणि थोड्याच काळात दोन्ही खराब होतात. एकच नवी टाकून जोडी जमवणे ही काटकसर टिकत नाही.

बॅटरी ठीक निघाली तर केबलकडे वळावे. इथेच सर्वांत जास्त चांगले सेल्फ विनाकारण उतरवले जातात. सेल्फ 400 अँपिअर ओढत असेल आणि गंजलेल्या टर्मिनलचा रोध अवघा 0.005 ओहम असेल, तरी 2 व्होल्ट तिथेच खर्ची पडतात आणि 800 वॅटची उष्णता तयार होते. म्हणून सेल्फ मारल्यानंतर हाताला चटका देणारे टर्मिनल हाच दोषी, ही जुन्या मिस्त्रींची खूण अगदी शास्त्रशुद्ध आहे. मल्टिमीटर असेल तर एक टोक बॅटरीच्या पोस्टवर, केबलच्या लगवर नव्हे, आणि दुसरे सेल्फच्या मुख्य बोल्टवर धरून सेल्फ मारावा. एका बाजूला अर्ध्या-एक व्होल्टपेक्षा जास्त घट दिसली, तर दोष त्या वाटेत आहे. हीच मोजणी बॅटरीचा ऋण पोस्ट आणि सेल्फची बॉडी यांच्यामध्येही करावी. चॅसीपासून इंजिनाकडे जाणारी अर्थिंगची पट्टी हमखास विसरली जाते.

एवढे झाल्यावरच सेल्फ उतरवावा. आत कार्बन ब्रशची झीज, जळालेले सोलेनॉइडचे संपर्क, आर्मेचर आणि बुश पाहतात. फ्लायव्हील रिंगची झीज मात्र वेगळी ओळखता येते. सहा सिलिंडरचे इंजिन बंद होताना दाबाच्या झटक्यामुळे साधारण ठरावीक तीन जागी थांबते, त्यामुळे दातेही तिथेच झिजतात. इंजिन थोडे फिरवल्यावर सेल्फ लागला, तर संशय रिंगवर. पान्याने सोलेनॉइडची टोके जोडून सेल्फ मारायची युक्ती टाळलेली बरी, कारण गाडी गिअरमध्ये असली तर खाली झोपलेल्या माणसावरून जाते.

इंजिन जोरात फिरते पण उचलत नाही, तेव्हा धुराड्याकडे पाहावे. धूर नाही म्हणजे डिझेल सिलिंडरपर्यंत जात नाही. पांढरा धूर म्हणजे जाते, पण जळत नाही. सकाळी त्रास आणि दिवसभर सुरळीत, असे असेल तर रात्री डिझेल टाकीकडे परतते आणि शोषण बाजूने हवा शिरते. बँजो बोल्टचे तांब्याचे वॉशर, फिल्टरचे रबर आणि हँडपंप यांतून ती येते. जुन्या पंपाच्या गाड्यांत नोझलच्या पाइपचे नट सैल करून हवा काढतात. भारतात 1 एप्रिल 2020पासून लागू झालेल्या बीएस-6 प्रदूषण निकषांच्या इंजिनांवर ही सवय जिवावर बेतते. कॉमन रेलमधला दाब चालू इंजिनात 1600 बारच्याही वर जातो आणि ती धार कातडी भेदते. इथे स्कॅनर लावून रेलचा दाब पाहावा. अनेक इंजिने सुरू होण्यासाठी साधारण 200 बार मागतात. दाब चढत नसेल, तर इंजेक्टरमधून परत जाणारे डिझेल मोजावे. सेल्फ मारताना आरपीएमचा काटा जागचा हलला नाही, तर क्रँक सेन्सर तपासावा.

गाडी सुरू झाली तरी काम संपत नाही. इंजिन चालू असताना बॅटरीवर सुमारे 28 व्होल्ट दिसायला हवेत. कमी असतील, तर ऑल्टरनेटरचा पट्टा, ब्रश आणि जोडण्या पाहाव्यात. चार्जिंग नीट असूनही बॅटरी रातोरात उतरत असेल, तर सगळे बंद करून ऋण केबलच्या वाटेत अँपिअर मीटर जोडावा आणि एकेक फ्यूज काढत जावे. ज्या फ्यूजने आकडा पडतो, त्या वायरीवर चोर-भार आहे. बहुतेकदा तो मागाहून जोडलेल्या हॉर्न, दिव्यांच्या माळा किंवा ट्रॅकरचा निघतो.