दुधाचा हिशेब रक्ताला विचारा

दिवसाकाठी किती दूध पोटात जातं? तुळजापुरात कुणालाही विचारून पाहा. सकाळ-संध्याकाळचा चहा, जेवणातलं ताक, भवानीमातेच्या अभिषेकाचं पंचामृत, भूमकडच्या खव्याचे पेढे. बेरीज जमत नाही. आहार आणि हृदयविकाराचं नातं शोधणाऱ्या संशोधकांची पंचाईत इथेच होते. माणसं खोटं बोलत नाहीत, पण आठवण दगा देते. म्हणून आता रक्ताचीच साक्ष काढली जाते.

गाय, म्हैस, शेळी यांच्या कोठीपोटात जिवाणू चारा आंबवतात. तिथे कार्बनची संख्या विषम असलेली मेदाम्लं बनतात आणि दुधात उतरतात. त्यातलं एक १५ कार्बनचं पेंटाडेकॅनोइक आम्ल. आपलं शरीर ते फारसं बनवत नाही. त्यामुळे रक्तात ते जास्त असणं ही दुधातला स्निग्धांश पोटात गेल्याची खूण मानतात.

स्टॉकहोममधल्या साठीच्या ४,१५० स्त्री-पुरुषांच्या रक्तात ही खूण मोजून संशोधकांनी पुढे सुमारे १६ वर्षं त्यांच्या प्रकृतीची नोंद ठेवली. २०२१ मध्ये निष्कर्ष आला: हे आम्ल जास्त असणाऱ्यांत हृदय व रक्तवाहिन्यांचे विकार कमी आढळले. दुधामुळेच कमी झाले, असं मात्र यातून सिद्ध होत नाही.

हा निष्कर्ष मराठवाड्याला जसाच्या तसा लावता येणार नाही. लोणी काढलेल्या ताकात स्निग्धांश नावालाच, म्हणून ताक पिणारा या चाचणीत जवळपास दिसतच नाही. उलट, तंतुमय पदार्थ आतड्यात आंबले की प्रोपिऑनिक आम्ल तयार होतं आणि त्यापासून यकृत थोडी विषम मेदाम्लं बनवू शकतं. रोज ज्वारीची भाकरी खाणाऱ्यांत ही शक्यता आधी तपासायला हवी.

आपल्याकडे दुसरी खूण उपयोगी पडते: जीवनसत्त्व ब-१२. शाकाहारी माणसाला ते मुख्यतः दुधातूनच मिळतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने २००६ मध्ये खेड्यातल्या, झोपडपट्टीतल्या आणि शहरी मध्यमवर्गातल्या ४४१ पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ६७ टक्क्यांत ब-१२ कमी होतं. ते घटलं की रक्तातलं होमोसिस्टीन वाढतं, आणि वाढलेल्या होमोसिस्टीनचा संबंध हृदयविकाराशी आढळला आहे. तरीही गोळ्यांनी ते उतरवून हृदयविकाराचे झटके टळल्याचं मोठ्या चाचण्यांत दिसलं नाही.

म्हणून स्वीडनची बातमी वाचून कुणी तुपाची वाटी रिचवू नये, की धास्तीने दूध सोडू नये. दूध डेअरीला घालून घरी चहापुरतंच ठेवणाऱ्या आपल्या शेतकऱ्याचं रक्त काय सांगतं, हे त्याच्याच गावात, वर्षानुवर्षं मोजायला हवं. त्याच्या हृदयाबद्दलचा सल्ला त्या मोजमापावर उभा राहिला पाहिजे.